बांधावरची तोंडी परीक्षा

पदवीधराच्या मौखिक कौशल्यात ऐकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे याचा अदमास घेणे येते, त्याच्या शब्दांत विषय मांडणे येते, अनपेक्षित प्रश्नाला न गडबडता उत्तर देणे येते, आणि उत्तर ठाऊक नसेल तेव्हा तसे स्वच्छ सांगणेही येते. यांतले काहीच पाठ करून साधत नाही. महाराष्ट्रात मात्र बोलण्याचे शिक्षण बऱ्याच अंशी पाठांतराच्याच वाटेने गेले आहे.

आरंभी असे नव्हते. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले. त्याच्या नऊ वर्षे आधी, 1848 मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर चर्चा करायची, हा तिचा शिरस्ता. तिच्या मराठी शाखेची धुरा दादोबा पांडुरंगांकडे होती. चर्चा दिवाणखान्यात विरली नाही. 1849 मध्ये याच मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये आरंभलेली वसंत व्याख्यानमालाही श्रोत्याला विचार करायला लावण्यासाठीच होती.

पुढे महाविद्यालयांत वक्तृत्व स्पर्धा रुजली आणि तिने बोलण्याचा एक साचा पाडला. विषय आधी जाहीर होतो, भाषण बहुधा सर किंवा बाई लिहून देतात, आवाज कुठे चढवायचा तेही ठरलेले असते आणि शेवटी एखादा शेर येतो. घंटा वाजते, टाळ्या पडतात. वक्त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. अशा स्पर्धांनी अनेकांची सभाभीती घालवली, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. पण ढाल घेऊन घरी गेलेला विद्यार्थी मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला अडखळतो, तेव्हा आश्चर्य वाटू नये. वादविवाद स्पर्धेत निदान प्रतिपक्षाचे ऐकावे लागते.

परीक्षापद्धतीही बोलण्याला अंग चोरूनच जागा देते. बारावीला भाषांची तोंडी परीक्षा असते. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकासोबत व्हायवा राहते, पण कला आणि वाणिज्य शाखांत पदवीची बरीचशी वर्षे केवळ लिहिण्यात जातात. पीएच.डी.ला पोचलेल्याला मात्र खुल्या मौखिक परीक्षेत, जाणकारांसमोर, आपल्या प्रबंधाचा बचाव करावा लागतो. मधल्या काळात त्याला कोणी बोलते केलेले नसते.

याला एक ठळक अपवाद कृषी महाविद्यालयांचा आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमात ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. शेवटच्या वर्षी विद्यार्थी गावात जातात. गाव त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखते. बीजप्रक्रिया, मातीचा नमुना घेणे, बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण बनवणे अशी प्रात्यक्षिके ते करून दाखवतात. एक टक्का बोर्डोचे प्रमाण पुस्तकात एका ओळीत मावते: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. बांधावर ती ओळ पुरत नाही. मोरचूद लोखंडी बादलीत का भिजवायचे नाही? काल उरलेले मिश्रण आज फवारले तर चालेल का? चुना कमी पडला हे कळायचे कसे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर शब्दांपेक्षा विळ्याच्या पात्यानेच चांगले देता येते. पाते मिश्रणात बुडवून काढल्यावर त्यावर तांबूस पुट चढले, तर चुना आणखी हवा. समोरचा माणूस पिकात मुरलेला असतो, त्याला भारदस्त शब्दांनी दबवता येत नाही. ‘रासायनिक अभिक्रिया’ म्हणणारा विद्यार्थी दोन दिवसांत ‘मोरचूद लोखंडाला खातं’ म्हणू लागतो. या भाषांतरात त्याचे स्वतःचे आकलनही तपासले जाते. ज्याला मूळ कारण उमगलेले नाही, त्याला सोपा शब्द सापडत नाही.

वैद्यकीय शिक्षणाने ही गरज उशिरा का होईना ओळखली. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. ‘पोटात गोळा येतो’ म्हणणाऱ्या रुग्णाला नेमके काय होते हे प्रश्न विचारूनच काढावे लागते, आणि इथे कौशल्याचा मोठा वाटा गप्प राहून ऐकण्याचा असतो.

भाषेचा अडसर याहून अवघड आहे. घरी वऱ्हाडी किंवा अहिराणीत रंगून बोलणारी मुलगी वर्गात मुकी होते, कारण तिथे प्रमाण मराठीची धास्ती असते आणि त्याच्याही वर इंग्रजीची. तिच्याकडे बोलण्याचे कौशल्य नाही, असा निष्कर्ष काढणे हा शिक्षकाचा आळस आहे. विचार आधी बोलीत मांडू द्यावा, प्रमाण रूप मागाहून येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतही मुलाखत मराठीतून देता येते, आणि एकूण 2025 गुणांपैकी 275 तिच्याकडे आहेत. गुणवत्ता यादीत नाव वरखाली व्हायला तेवढे पुष्कळ होतात.

शिकवण्याच्या पद्धतीत फार खर्चाचे काही नाही. अडचण वर्गातल्या पटाची आहे. शंभरजणांच्या वर्गात प्रत्येकाने दहा मिनिटे बोलायचे म्हटले तर जवळपास सतरा तास लागतात. पाच-सहाजणांचे गट करून एकाने समजावायचे आणि बाकीच्यांनी शंका काढायच्या, अशी विभागणी केली तर हाच वेळ तासाभरावर येतो. गुण देताना मात्र ऐट, हातवारे आणि शुद्धोच्चार यांचे रकाने थोडे आखडते घ्यावेत. ऐकणाऱ्यांपैकी एकाला उठवून, जे सांगितले ते त्याच्या शब्दांत पुन्हा सांगायला लावावे आणि त्याला किती सांगता आले त्यावर बोलणाऱ्याचे गुण ठरवावेत.