भांडल्याशिवाय सुधारणा होत नाही

कसारा लोकलने, मुरबाडच्या एसटीने, पाड्यापाड्यांवरून पायी आटगावात आलेल्या बंधू-भगिनींनो,

‘ख्रिस्ती धर्मसुधारणा हा युरोपचा मामला, त्याचं आपल्याला काय?’ असं आपल्याच साहित्यवर्तुळात बोललं जातं. या म्हणण्याला माझा ठाम विरोध आहे. मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये वाद उभा केला आणि 1522 मध्ये नवा करार सामान्य जर्मन माणसाच्या हाती त्याच्याच भाषेत दिला. धर्मग्रंथावरची पुरोहितांची मक्तेदारी मोडली, तशी वाचनाची भूक वाढली. पण ही लढाई तिथेच संपली नाही. ती महाराष्ट्रातही लढली गेली, आणि लढणारी माणसं आपली होती.

पंडिता रमाबाईंचंच पाहा. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी प्रश्न विचारले. त्यांनी इंग्रज मुलग्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती निमूट मान्य केली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. हे बायबल छापलं कुणी? आश्रमातल्या बायकांनी. ज्यांना समाजाने दुष्काळात आणि वैधव्यात टाकून दिलं होतं, त्या बायका छापखान्यात उभ्या राहून शिशाचे खिळे एकेक करून जुळवत होत्या. रमाबाई 1922 मध्ये गेल्या आणि 1924 मध्ये ते बायबल पूर्ण छापून बाहेर आलं. याहून मोठी धर्मसुधारणा मला ठाऊक नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी येशूला अभंगात आणि कीर्तनात आणलं. 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. आधी स्वतःच्या मनातला जातिभेद टाकला, मग 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला.

कॅथलिक मंडळींतही हेच घडलं. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या मिस्साची वाट मोकळी केली आणि वसईच्या देवळांत उपासना मराठीतून होऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच मातीतून आले आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2014 पर्यंत ही वसई आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. मग हा इतिहास परका कसा?

आता दुसरं भांडण, सरकारशी आणि आपल्या ख्रिस्ती घरच्यांशीही. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला सवलतींबाहेर ठेवलं. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. हा अन्याय आहे, असं मी इथे स्पष्ट सांगतो. पण रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी घरं सोमवारी सोयरीक जुळवताना पूर्वाश्रमीची जात विचारत असतील, तर तो अन्याय कुठल्या सरकारने केला? ल्यूथर, रमाबाई, टिळक यांच्या तसबिरींना हार घालून या प्रश्नातून सुटका नाही. ज्याला गप्प बसवलं त्याला बोलता येणं, जिला दाराबाहेर ठेवलं तिला आत मान मिळणं, हीच सुधारणेची कसोटी. तिला उतरत नाही ते केवळ कर्मकांड, मग ते कोणत्याही धर्माचं असो.

हे मी साहित्यिकांनाही सुनावतो. दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि पोरांची शाळा सुटते. त्यांच्या हाती पुस्तक पोचत नसेल, तर आपली संमेलनं कुणासाठी?

म्हणून या मंडपात एक ठराव करा. प्रत्येक चर्चने, प्रत्येक वाचनालयाने एका पाड्याची आणि एका भट्टीची जबाबदारी घ्यावी. तिथल्या मुलांना वाचायला शिकवावं आणि पुढच्या संमेलनात त्यांच्या आयांना व्यासपीठावर बोलू द्यावं. ठराव मांडतो. ज्यांना तो पाळायचा आहे, त्यांनीच हात वर करावेत.