आमच्या जीपचा क्लच

आज बोलायचंय गटाच्या गाडीबद्दल. नाक मुरडू नका. आता किती गटांनी मिळून जुन्या जीपा, पिकअप घेतल्यात. कर्जाचा हप्ता आपण भरतो, मग गाडीच्या पोटात काय चाललंय तेही आपल्याला कळायला हवं.

आमची जीप जुनी, डिझेलची, फोर बाय फोर. अकोले तालुक्यातल्या वाड्यांवरून रोज पहाटे दूध खाली आणते, बाजाराच्या दिवशी काळभाताची पोती राजूरला नेते. चालवते आमच्याच गटातली ताई. गेल्या पावसाळ्यात चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी काही सरकेना. करपल्यासारखा वास आला. दगड लावून गाडी थांबवली, कॅन डोक्यावर घेऊन बाया खाली उतरल्या. त्या दिवशी निम्मं दूध नासलं.

याला म्हणतात क्लच स्लिप मारणं. इंजिनाची ताकद चाकांकडे पाठवताना क्लच प्लेट फ्लायव्हीलला घट्ट चिकटून फिरावी लागते. प्लेटवरचं अस्तर झिजलं की ती घसरते. घसरली की तापते, आणि तापली की आणखी झिजते. शंका आली तर गाडी रिकामी करा, सपाट जागी उभी करा, पुढे कोणी नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर पकड आहे. चालूच राहिलं तर क्लच गेलाय. हे एकदाच करा, पुन्हापुन्हा नको.

आमची चूक सांगते. पहिल्या वेळी आम्ही स्वस्तात उरकलं. गॅरेजवाल्याने जुन्या प्लेटलाच नवीन अस्तर मारून दिलं, बाकी काही बदललं नाही. चार महिन्यांत बेअरिंग कुरकुरायला लागलं आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. मजुरी दोनदा गेली. खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो, म्हणून एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही नवीन घ्यायची. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा आहेत का, तेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. डाग असतील तर लेथवर साफ करता येतो का ते विचारा, चिरा असतील तर बदलाच. ऑइल सील गळत असेल तर तेव्हाच बदलून घ्या. तेल लागलं की नवी प्लेटही घसरते.

दुसऱ्या वेळी नवाच पेच पडला. कोणी म्हणालं, "रस्ता दगडाधोंड्यांचा आहे, सिरॅमिकची प्लेट टाका, शर्यतीच्या गाड्यांना असते तसली." ऐकायला बरं वाटतं. सिरॅमिक उष्णता जास्त सोसते हे खरं, पण ती एकदम पकडते. गाडी धक्क्याने उचलते, फ्लायव्हील जास्त घासतं. आणि तिच्याबरोबर जाड स्प्रिंगची प्रेशर प्लेट बसवली तर पेडल जड होतं. आमची ताई घरोघरी थांबत, सकाळभरात तीस-चाळीस वेळा क्लच दाबते. तिचे गुडघे काय म्हणतील? शिवाय मागे दुधाचे कॅन आणि कडेवर पोर घेतलेल्या बाया.

बैठकीत दोन तास वाद झाला. "बायकांना गाडीतलं काय कळतं" हे वाक्यही आलं. ताई शांतपणे म्हणाली, "चालवते मी, पाय माझा आहे." मग ठरलं : कंपनीच्या मापाचा, साध्या अस्तराचा चांगल्या प्रतीचा पूर्ण सेट. घेताना जुनी प्लेट सोबत नेली, गोलाई मोजली, मधले दाते मोजले, आणि पक्कं बिल मागितलं. बिल नाही म्हणणाऱ्या दुकानातून आम्ही उठून आलो. बनावट माल डब्यावरून ओळखू येतोच असं नाही. नवा क्लच बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर भार कमी ठेवला, चढ सावकाश घेतले.

एक मात्र सांगते, क्लच मरतो तो बहुतेक वेळा पायामुळे. पेडलवर पाय टेकवून चालवू नका. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा. आणि फोर बाय फोर गाडीला जो लो गिअर असतो, तो अवघड चढासाठीच असतो. आमच्या गाडीचा तो दांडा कित्येक वर्षं कुणी हलवलाच नव्हता, गंजून बसला होता. मिस्त्रीने मोकळा केला. आता ताई त्या चढाआधी, घळीपाशी, दांडा ओढते आणि गाडी हळू पण न ओरडता वर जाते.

पुढच्या वेळी टायरबद्दल बोलू. तुमच्या गाडीचे प्रश्न असतील तर केंद्रावर चिठ्ठी पाठवा, गाडीचं नाव आणि साल लिहून.