जुन्या टपालगाडीचा जीर्णोद्धार
(ओझर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चंपाषष्ठीस बारा गाडे ओढणाऱ्या ह्या ओझर गावी एका गाड्याविषयी व्याख्यान द्यावे, हे धाडसच म्हणावयाचे. परंतु आमचा गाडा निराळा आहे. 1978 साली नोंदलेली, टपालाच्या थैल्या वाहून थकलेली, पुढे लिलावात निघून वखारीत पडून राहिलेली एक मॅटाडोर आम्हां काही मंडळींच्या स्वाधीन झाली आहे. तिचा जीर्णोद्धार करून आसपासच्या वस्त्यांवर पुस्तके नेणारे फिरते वाचनालय करावे, असा आमचा मानस आहे. तो कोणत्या रीतीने सिद्धीस न्यावा, एवढेच आज निवेदन करावयाचे आहे.

अशा गाड्या ह्यापुढे नव्याने हाती यावयाच्या नाहीत. 1 एप्रिल 2023 पासून, काही विशेष वाहने वगळता, पंधरा वर्षे उलटलेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे. ती मोडीतच काढावी लागतात. सबब पूर्वीच खाजगी हाती गेलेल्या तेवढ्याच उरल्या. ज्या नाशिकरोडच्या छापखान्यात 1926 पासून टपालाची तिकिटे छापली जात आहेत, त्याच्या शेजारी टपालाची एक जुनी गाडी धडधाकट असावी, असे आम्हांस वाटते.

कामाची शिस्त मात्र बाहेरून आणावयास नको. 1964 साली येथे विमानांचा कारखाना उभा राहिला, आणि जे मिग-21 विमान 26 सप्टेंबर 2025 रोजी वायुदलातून निवृत्त झाले, ते बांधण्यात ह्या गावच्या कित्येक घरांची हयात गेली. ओव्हरहॉलसाठी आलेले विमान कोणी आधी रंगवीत नाही. ते उकलतात, प्रत्येक भागास चिठ्ठी बांधतात, दोष वहीत टिपतात, आणि मग काय ठेवावे, काय टाकावे हे ठरवितात. आमच्या गाडीसही हाच न्याय. प्रथम ब्रेक व सुकाणू, मग इंजिन व तारा, मग पत्रा, आणि रंग सर्वांत शेवटी. ब्रेकच्या रबरी नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी बदलावयाच्याच. पत्र्याच्या बाबतीत आमचे मत कठोर आहे: गंजलेला भाग हातोडीने ठोकून पाहावा, निकोप धातू लागेपर्यंत कापावा आणि त्याच जाडीचा तुकडा जोडावा. वर पुटी थापून गुळगुळीत करणे ही गंजाची कबर सारवणे होय. आत तो वाढतच राहतो. मूळचा तांबडा रंग कोणता होता हे अंदाजाने ठरवू नये. दाराच्या आतील कोपऱ्यात पॉलिशपेपरने थर उतरवीत गेले म्हणजे तो आपोआप सापडतो.

आता खरा पेच. वाचनालय करावयाचे तर बाजूस खिडकी कापून फळीचा गल्ला करावा, असे आमच्यातील काहींचे म्हणणे पडले. सोय होईल ह्यात संशय नाही. परंतु 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील जे वाहन खाजगी वापराचे आहे, आणि ज्याच्या साटा, कवच वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, त्यासच ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद मिळते. आमच्या गाडीस पन्नास वर्षे 2028 मध्ये पुरी होतील. आज करवत चालविली तर तो हक्क कायमचा गेला. म्हणून आम्ही ठरविले की, कवचास हात लावावयाचा नाही. थैल्यांसाठी असलेली जाळी जागेवरच राहील. मांडण्या जुन्याच छिद्रांत बोल्टांनी बसतील, आणि पुस्तके मागील दारांतून दिली जातील. एवढ्यासाठीही परिवहन कार्यालयाची लेखी अनुमती आधी घ्यावी लागेल, कारण नोंदणीपुस्तकाशी विसंगत बदल 1988 च्या कायद्यास मान्य नाही. टपालखात्याची अक्षरे मात्र रस्त्यावर झाकलेली असावीत. नाहीतर लोक पत्रे हाती देतील!

मॅटाडोरची ओढ पुढच्या चाकांना आहे. सर्व भार मागे लोटला तर चढावर पुढील चाके हलकी होऊन फिरतील. एक मीटर पुस्तकांचे वजन सुमारे पंचवीस किलो; वीस मीटरांचे अर्धा टन! तेव्हा जड ग्रंथ चालकाच्या पाठीमागे, तळाशी. मुलांची पुस्तके दाराजवळ.

एक प्रश्न आम्ही मुद्दाम उघडा ठेवीत आहो. ऐतिहासिक नोंद घेतल्यास गाडी केवळ प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती वा इंधनापुरती रस्त्यावर आणता येते. नित्याच्या फेऱ्या बंद. तेव्हा 2028 साली ती शोभेची करावी की वस्त्यांवर जाऊ द्यावी, हे त्या वेळी जे तिची पुस्तके वाचीत असतील त्यांस विचारून ठरवू. तूर्त रविवारी तिच्या तळाच्या फळ्या उचलावयाच्या आहेत. ज्यांच्या घरी जुने पाने व हातोड्या असतील, त्यांनी कृपा करून सकाळी घेऊन यावे.