पट्टा कोणी तपासला?

(युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजक मला म्हणाले, "तू पॅराग्लायडिंग करून आलीस ना, त्यावर बोल. पोरांना हुरूप येईल." बोलते. पण मी उडाले त्यापेक्षा मला एकदा उडू दिलं नाही, त्याबद्दल जास्त बोलणार आहे.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. दोन वर्षांपूर्वी माझे कामाचे तास आठवड्याला ६० ते ६५ झाले होते. तेव्हा मला त्यात चुकीचं काही वाटत नव्हतं, उलट अभिमान वाटायचा. आमच्या खानदानात अशा नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी. "हमारी बेटी को टाइमच नहीं मिलता," असं अम्मी शेजारणीला सांगायची तेव्हा बरं वाटायचं. आपल्यातल्या अनेकांना हे ओळखीचं असेल. आधीच मनात धास्ती असते की आपल्याकडे जरा जास्तच बारकाईने बघितलं जातंय. म्हणून आपण दुप्पट काम करतो आणि 'नाही' म्हणत नाही.

मग धाकट्या बहिणीचा निकाह झाला. हॉलच्या मागच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून कॉलवर होते. बाहेर एकदम गलका झाला, मुबारकबादीचे आवाज आले. मी धावत गेले तोवर तिची सही होऊन गेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. ती काही बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या आठवड्यात एका मैत्रिणीने कामशेतच्या तीन दिवसांच्या कोर्सला माझं नाव घातलं. पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरायचं, पुढे मावळातल्या टेकड्या. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत तिथे उडतात. अम्मी म्हणाली, "थकलीयेस तर घरी झोप, हवेत काय ठेवलंय?" पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, घोट्यापर्यंत बूट, डोक्यावर हेल्मेट आणि कुठेही लोंबतं कापड नको, ही यादी वाचून मात्र ती हसली. "एवढी अंगभर तर तू ईदलाही नसतेस!"

पहिला दिवस मैदानातच गेला. विंग, म्हणजे ती मोठी कापडी छत्री, वाऱ्याकडे तोंड करून डोक्यावर उभी करायची आणि तोल सांभाळायचा. वारा तुम्हाला फरफटत नेतो. दरीतून आलेला वारा टेकडीवर आदळून वर चढतो आणि त्या चढत्या वाऱ्यावर विंग तरंगते. दोन्ही हातांत ब्रेकच्या दोऱ्या असतात. घाबरून त्या दोन्ही खूप खाली ओढल्या तर विंगचा वेग मरतो आणि ती उडायचीच थांबते. उडत राहायचं तर हात वर सोडावे लागतात. मला हेच जमत नव्हतं. सर ओरडायचे, "हात वर! हात वर!"

दुसऱ्या दिवशी छोट्या उतारावरून पहिली झेप होती. मी रांगेत उभी होते. खिशात फोन वाजला. रजेवर होते, तरीही काढला. 'दोन मिनिटांत बघते' असं उत्तर टाकलं, फोन आत ठेवला आणि पुढे झाले. सरांनी प्रत्येकाची तपासणी करायची, हा तिथला नियम. हेल्मेट, छातीचा पट्टा, मग त्यांनी माझ्या मांडीजवळ बोट दाखवलं. पायांचे दोन्ही पट्टे उघडे होते.

याचा अर्थ सांगते. पायाचे पट्टे न लावता माणूस हवेत गेला तर तो हार्नेसमधून खाली घसरतो. हाताने धरून किती वेळ लटकणार? या खेळात अशी माणसं गेली आहेत. ते पट्टे मी सकाळपासून चार वेळा लावले होते. पाचव्या वेळी माझं डोकं ऑफिसात होतं.

सर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आज तू उडायचं नाहीस. बस खाली." मला रडू आलं. पैसे भरले होते, रजा टाकली होती. तिसऱ्या दिवशी वारा आडवा फिरला. तीन तास थांबून सर सगळ्यांनाच म्हणाले, "आज नाही. गुंडाळा." माझ्या शेजारी बरीच वर्षं उडणारे एक काका होते. त्यांनी कुरकुर न करता विंगची घडी घातली. मी विचारलं, "वाईट नाही वाटत?" ते म्हणाले, "टेकडी उद्या इथंच आहे."

घरी येताना लोकलमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. टेकडीवर 'आज नाही' म्हणायचा अधिकार कोणाला तरी असतो, आणि त्याचं ऐकणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. माझ्या ऑफिसात तो अधिकार कोणाकडे होता? माझा पट्टा कोण तपासत होतं? कोणीच नाही. मी स्वतःसुद्धा नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो. हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के अधिक. जास्त तासांच्या कामामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात अंदाजे ७ लाख ४५ हजार माणसं या दोन आजारांनी गेली. म्हणजे पट्टा उघडा ठेवून आपण रोज उडतो आहोत, फक्त खाली पडायला वेळ लागतो.

आणि सुट्टी ही कोणी मेहरबानी म्हणून दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांना रविवारची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली. सभा घेतल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचे अर्ज दिले. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षं लागली. तोच रविवार आपण फोनवर आलेल्या एका मेसेजसाठी देऊन टाकतो.

मी काय केलं? आधी पंधरा दिवस नीट झोपले. मग टीममधल्या आम्ही तिघांनी आपले खरे तास लिहून काढले आणि मॅनेजरसमोर ठेवले. "ही पाच कामं आहेत, वेळ तीन कामांचा आहे. कोणती दोन पुढे ढकलायची ते तुम्ही सांगा." एकटी गेले असते तर मी आळशी ठरले असते. तिघं होतो म्हणून बोलणं झालं. शनिवार-रविवारच्या पाळ्या लागल्या. त्या वर्षी माझी पगारवाढ कमी झाली, हेही सांगते. सगळं गोड झालं असं नाही.

मग पुन्हा कामशेतला गेले आणि उडाले. एक मिनिटही नसेल. कानात वाऱ्याचा आवाज, पायाखाली पिवळं गवत सरकत होतं, आणि हात वर होते. फार छान वाटलं. पण त्याने थकवा गेला नव्हता, तो झोपेने आणि 'नाही' म्हणण्याने आधीच गेला होता. म्हणून तुम्हाला सांगते, जरूर जा. प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का, विमा आहे का, राखीव पॅराशूट आहे का, हे बिनधास्त विचारा. पण थकलेलं डोकं घेऊन जाऊ नका.

शेवटचं. माझ्या अब्बांची छोटी बेकरी आहे. पहाटे तीनला भट्टी पेटते, बंद फक्त दोन्ही ईदला. कामाला चार मुलं. पट्ट्याची गोष्ट मी अब्बांना जेवताना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गेल्या महिन्यात त्या पोराचा हात भाजला. दोन रात्री झोपला नव्हता तो. मीच थांबवून घेतलं होतं."

आता त्या चौघांना आठवड्यातून एक दिवस आळीपाळीने पगारी सुट्टी असते. त्या दिवशी अब्बा स्वतः पीठ मळतात आणि कंबर दुखते म्हणून मला बोल लावतात.

तुमचा पट्टा कोण तपासतं ते बघा. आणि तुमच्या हाताखाली कोणी काम करत असेल, घरातली कामवाली मावशी असेल, दुकानातला पोरगा असेल, तर त्यांचा पट्टा तपासणं तुमच्याकडे आहे.