जुना फोटो कोणत्या प्रसंगाचा?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या कोकणातल्या मुसलमान घरांत एखादा जुना सामुदायिक फोटो पुष्कळदा आढळतो. मध्ये खुर्चीवर हार घातलेले वडीलधारे, मागे उभ्या दोन रांगा, पुढे सतरंजीवर मुले. विचारले तर उत्तर मिळते, "आजोबांच्या वेळचा आहे." प्रसंग मात्र कोणी सांगत नाही. लग्नाला जमणारी माणसे वेगळी, हजयात्रेकरूंना निरोप देणारी वेगळी आणि मदरशाच्या जलशाला बसणारी वेगळी. म्हणून नावे शोधण्याआधी प्रसंग शोधावा.

प्रथम हार कोणाच्या गळ्यात आहेत ते पाहा. सेहरा दिसला तर प्रश्न मिटला. तीन-चार वृद्धांना सारखेच हार असतील, तर हजच्या निरोपाचा विचार करा. हजची जहाजे १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्द्याला जात. तेव्हा असा फोटो गावाऐवजी मुंबईतही काढलेला असू शकतो. टोपीवरून मात्र साल ठरवू नका. तुर्कस्तानात १९२५ साली तुर्की टोपीवर बंदी आली, पण आपल्याकडे ती पुढेही वापरात होती.

नंतर पुठ्ठा पाहा. त्यावर हिजरी सन असेल तर हिशेब जपून करा. १३५० मध्ये सरळ ६२२ मिळवले तर १९७२ येते, आणि ते चूक आहे. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. हिजरी १३५० म्हणजे इसवी सन १९३१-३२. एवढ्या चुकीने आजोबांच्या जागी नातू बसतो!

हेच अकरा दिवस आपल्या कामीही येतात. समजा, घरात सांगतात की हा १९४७ च्या ईदचा फोटो आहे, आणि मागे भाताच्या पेंढ्याची उडवी दिसते. त्या वर्षी रमजान ईद १८ ऑगस्टला होती. भर पावसात नवी उडवी कोठून येणार? पण बकरी ईद असेल तर ती ऑक्टोबरच्या अखेरीस, भातकापणीच्या दिवसांत होती. म्हणजे सांगणाऱ्याचे साल बरोबर असेल, ईद दुसरी असेल. तोंडची आठवण सरसकट खोटी मानू नये. ती ऋतूशी ताडून पाहावी.

शेवटी घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारा. फोटोत पुष्कळदा पुरुषच असतात, पण कोण कोणाच्या लग्नाला आले आणि कोण रुसून आले नाही, हे दादी-नानीच सांगतील. दोघींना वेगवेगळे विचारा. दोघींचे जुळले तर फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव लिहा आणि सांगणारीचेही नाव लिहा. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह ठेवा. अंदाजाने लिहिलेले नाव पुढच्या पिढीला पुरावा वाटते, आणि मग ते पुसायला कोणी धजत नाही.

आपल्या घरांतली मुले आखातात आणि त्याहूनही दूर गेली आहेत. त्यांच्या मुलांना गावाची ओळख अशा फोटोंतूनच व्हायची आहे. सांगणारी माणसे आहेत तोवर, येत्या सुट्टीत तो फोटो भिंतीवरून उतरवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. एवढीच आपणांस विनंती.