निर्दोषाची नोंद कोण पुसणार?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मुरबाड तालुक्यातील सिद्धगड आपणा सर्वांना वंदनीय आहे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी तेथे हौतात्म्य पत्करले. विजेचे मनोरे पाडून परकीय सत्तेला हादरा देणारे हे वीर त्या सत्तेच्या पोलीस दप्तरी मात्र गुन्हेगार होते. पुढे १९४८ आणि १९७५ च्या बंदीच्या काळात संघाच्या हजारो स्वयंसेवकांची नावे अशाच दप्तरांत चढली. आणीबाणीत तर अनेकांना मिसाखाली खटल्यावाचून बंदिवास घडला. दप्तरातील नोंद आणि सत्य यांत केवढे अंतर असू शकते, हे आपण अनुभवाने जाणतो. म्हणूनच आजचा विषय आपल्याला परका नाही.

१९२० चा जुना कायदा जाऊन ४ ऑगस्ट २०२२ पासून फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा अमलात आला. पूर्वी ठसे, मोजमापे आणि छायाचित्र यांवर काम भागत असे. आता बुबुळांच्या प्रतिमा, हस्ताक्षर, तसेच जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण, अर्थात डीएनए, हेही घेता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ही माहिती ७५ वर्षे राहू शकते.

या कायद्याला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. दहशतवाद आणि स्त्रियांवरील अत्याचार यांच्याशी झुंजणाऱ्या पोलिसांच्या हाती आधुनिक साधने असलीच पाहिजेत. डीएनए अपराध्याला गजाआड पोहोचवतो, तसाच निरपराधाला सोडवतोही. प्रश्न एवढाच आहे की, ज्याच्यावरील आरोप टिकला नाही, त्याची नोंद कोण पुसणार?

कायद्यातील वाट आणि वाडीवरची माणसे

कायदा सांगतो की, पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटली, दोषमुक्त झाली किंवा निर्दोष ठरली, तर सर्व कायदेशीर उपाय संपल्यावर तिची नोंद नष्ट करावी. न्यायालयाने लेखी कारणे देऊन वेगळा आदेश दिला तरच ती ठेवावी. तत्त्व उत्तम आहे. परंतु सप्टेंबर २०२२ च्या नियमांनुसार नोंद नष्ट करण्याची विनंती राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची असते. मग तो अधिकारी पडताळणी करून शिफारस करतो.

आता आपल्या कातकरी बांधवाकडे पाहा. पावसाळा सरला की तो कुटुंबासह वीटभट्टीवर जातो आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर वाडीवर परततो. निकालाची प्रत त्याच्या हाती पडणार कधी आणि नोडल अधिकारी त्याला सापडणार कोठे? गुन्हा स्त्री वा बालकाविरुद्धचा नसेल आणि सात वर्षांहून कमी शिक्षेचा असेल, तर अटकेतील व्यक्ती जैविक नमुना देण्यास नकार देऊ शकते. पण ठाण्यात बसलेल्या त्या माणसाला हे सांगणार कोण? आणखी एक उणीव अशी की, अटक न होता केवळ दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावरून ज्याने नमुना दिला, त्याचा या तरतुदीत स्पष्ट उल्लेखच नाही.

जन्माचा शिक्का

बोटाचा ठसा एका माणसाचा असतो. डीएनएत मात्र आई-वडील, भावंडे, लेकरे यांचे नातेही उतरते. जेथे सारी वाडी एकमेकांची सोयरी, तेथे एका निरपराधाचा नमुना अवघ्या गोतावळ्याकडे संशयाचे बोट वळवू शकतो. ही कल्पनेतील भीती नव्हे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसेही घेतले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण समाजमनावरचा शिक्का राहिला. यमगरवाडीत पारधी मुलांसाठी शाळा उभी करताना कार्यकर्त्यांना झुंजावे लागले ते याच शिक्क्याशी. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयालाही विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावावे लागले.

खासगीपणा ही शहरी सुखवस्तूंची चैन आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो प्रत्येक नागरिकाचा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ४ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटनला दोषी धरले, ते निर्दोष सुटलेल्यांचे डीएनए बेमुदत ठेवल्याबद्दलच. त्यांपैकी एक तर अटकेच्या वेळी ११ वर्षांचा मुलगा होता. आपल्याकडे डीएनएविषयीचे स्वतंत्र विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यामुळे आहे त्या कायद्यातील रक्षणाची तरतूद जिवंत ठेवणे अधिकच अगत्याचे आहे.

शासनाकडे आपली मागणी साधी असावी. निर्दोषत्वाचा निकाल अंतिम होताच न्यायालयाकडून तो थेट नोडल अधिकाऱ्याकडे जावा, अर्जाची वाट न पाहता नोंद नष्ट व्हावी आणि तसे पत्र संबंधिताच्या घरी पोहोचावे. ज्या शासनाने नमुना घेतला, त्यानेच तो नष्ट करण्याचे उत्तरदायित्व घ्यावे.

ते होईपर्यंत काम आपले आहे. आपल्या पाड्यावरील कोण सुटला, निकालाची प्रत मिळाली का, अर्ज गेला का, याची वही प्रत्येक कार्यकर्त्याने ठेवावी आणि वकील बंधूंनी ते अर्ज लिहून द्यावेत. समरसतेची कसोटी व्यासपीठावर लागत नाही; ती अशा वेळी पोलीस ठाण्याच्या पायरीवर लागते. न्यायालयाने ज्याला निष्कलंक म्हटले, त्याच्या माथ्यावर दप्तराचा कलंक राहू देणे हे स्वतंत्र राष्ट्राला शोभणारे नाही.