हात लावण्याआधी शरीर ओळखा

 

आज आपण पार्लरच्या कामाबद्दल बोलू. आपल्या मुरबाड-शहापूर भागात गटातल्या कितीतरी जणी आता हे काम करतात. कुणी आरसेटीत शिकून आलंय, कुणी गटाचं कर्ज काढून पडवीत आरसा आणि खुर्ची मांडलीय, कुणी लग्नसराईत नवरीला तयार करायला घरोघरी जातं. 2016 साली आपली धसई कॅशलेस गाव म्हणून पेपरात झळकली, तेव्हा छोट्या दुकानदारांनीही कार्डाने पैसे कसे घ्यायचे ते शिकून घेतलं. पैसे घ्यायला आपण शिकलो. आता एखादं काम कधी घ्यायचं नाही, तेही शिकायला हवं.

पार्लरच्या कोर्सात पहिले काही तास शरीराची ओळख असते. कातडीचे थर, शिरा, स्नायू, नसा. बऱ्याच जणींना तो भाग कंटाळवाणा वाटतो. कधी एकदा थ्रेडिंगचा दोरा हातात येतो असं होतं. पण रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो हाच धडा.

सुरुवात कातडीपासून करू. आपली वरची कातडी सतत नवी होत असते. तिच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, सुकतात आणि गळून पडतात. तरुण बाईत याला साधारण 28 दिवस लागतात, वय वाढलं की जास्त. साळीवर जसं तूस, तसा हा वरचा सुका थर. तो आतल्या दाण्याला सांभाळतो. दर आठवड्याला स्क्रब करून तो घासून काढला, तर खालची कच्ची कातडी उघडी पडते, मग चेहरा लाल होतो, चुरचुरतो. म्हणून फेशियल महिन्यातून एकदा पुरे. वॅक्सिंग करताना केसांबरोबर हा वरचा थरही थोडा निघतो. त्यामुळे वॅक्स किंवा थ्रेडिंग केल्या जागी त्याच दिवशी ब्लीच लावायचं नाही. नवरी कितीही घाईत असली, तरी मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या.

आणखी एक. ब्लीचने कातडी गोरी होत नाही, चेहऱ्यावरची लव भुरी होते, म्हणून चेहरा उजळ दिसतो. कातडीचा रंग आतल्या पेशी बनवतात. बाळंतपणानंतर गालावर येणारा वांग त्या रंगाचाच असतो आणि उन्हाने वाढतो. तो घासून जात नाही, उलट घासल्याने जास्त काळा पडतो. शेतात जाताना पदर, टोपी, सावली हाच त्याचा पहिला उपाय.

इथेच गोऱ्या करणाऱ्या क्रीमचा प्रश्न येतो. बाजारात बिनानावाच्या डब्या मिळतात, लावल्या की आठ दिवसांत चेहरा उजळतो, आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण कातडीवर लावलेलं सगळं कातडीवरच राहत नाही, काही गोष्टी आत रक्तात उतरतात. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एका घरातली तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा त्या लावत होत्या त्या क्रीममध्ये पारा सापडला. आपल्या देशात चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे, तरी अशा डब्या विकल्या जातात. ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि तारीख नाही, ती गटाच्या पार्लरमध्ये ठेवायचीच नाही.

दुसरा धोका औषधाच्या दुकानातल्या ट्यूबचा. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या आणि केस येतात. बंद केली की चेहरा भाजल्यासारखा होतो, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. अशी बाई आली तर तिला फेशियल करू नका. कातडीच्या डॉक्टरकडे पाठवा.

आता पायांकडे येऊ. आपल्या बायका भातलावणीला दिवसभर चिखलात वाकून उभ्या असतात. रक्ताला पायातून वर हृदयाकडे चढायचं असतं. त्यासाठी शिरांमध्ये एकाच बाजूला उघडणाऱ्या छोट्या झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात. झडपा सैल पडल्या की रक्त साचतं, शिरा फुगतात, वेटोळी दिसतात. म्हणून पायाचा मसाज नेहमी पावलाकडून गुडघ्याकडे करायचा, हलक्या हाताने. फुगलेल्या शिरेवर दाब द्यायचा नाही, गुडघ्याच्या मागच्या खळग्यातही नाही.

पण याहून महत्त्वाचं ऐका. एकच पाय सुजलाय, पोटरी दुखतेय, हाताला गरम लागतेय, लाल दिसतेय, तर आत शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्यावर मालिश केली तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. ही गाठ कुणाला जास्त होते? बाळंतिणीला, खास करून पहिल्या सहा आठवड्यांत. सिझेरियन झालेल्या बाईला. प्लास्टर घालून किंवा आजाराने बरेच दिवस अंथरुणावर असलेल्या माणसाला. आपल्याकडे बाळंतिणीची तेलमालिश पूर्वीपासून होते, ती वाईट नाही. फक्त हात लावण्याआधी दोन्ही पाय शेजारी-शेजारी बघा. एक पाय वेगळा दिसला तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. सिझेरियनच्या बाईचं पोट डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चोळू नका.

तिसरी जागा मान. डोक्याला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून जातात. दोन पुढून, दोन मागून मणक्याच्या हाडांतून. केस धुताना बेसिनच्या काठावर मान मागे टाकून बराच वेळ ठेवली, तर मागची धमनी दाबली जाऊ शकते. 2022 मध्ये हैदराबादला पार्लरमध्ये केस धुताना एका पन्नास वर्षांच्या बाईला चक्कर आली, उलटी झाली. दवाखान्यात नेल्यावर अर्धांगाचा झटका असल्याचं निघालं. अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी अशाच पाच बायकांबद्दल 1993 मध्येच लिहून ठेवलं होतं. असं क्वचित होतं, घाबरून जायचं कारण नाही. पण टाळणं सोपं आहे. मानेखाली टॉवेलची गुंडाळी द्या, मान फार मागे झुकवू नका, मधून मधून विचारा, "काकू, बरं वाटतंय ना?" वयस्कर बाईचे केस तिला पुढे वाकवून धुवा. मान कडकड मोडून देऊ नका. मसाज करताना गळ्याच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नका, तिथे पुढच्या धमन्या आहेत.

आता नसा. नसांमुळे आपल्याला गरम, गार, दुखणं कळतं. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. अशा बाईला तुम्ही विचाराल, "पाणी गरम आहे का?" ती म्हणेल, "नाही गं, बरंय," आणि पाय भाजून निघेल. म्हणून पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून बघा. तिच्या टाचेवर ब्लेड लावू नका, बोटांच्या कडा खोल कापू नका. तिची छोटी जखमही महिनोन्‌महिने भरत नाही, चिघळली तर बोट कापायची वेळ येते.

बाईचा चेहरा, हात, पाठ इतक्या जवळून बघणारं पार्लरवालीइतकं दुसरं कुणी नसतं. म्हणून हेही लक्षात ठेवा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. तो पूर्ण बरा होतो, औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं आणि सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं. वेळेवर घेतलं तर हातापायात व्यंग येत नाही. मेकअपने तो चट्टा झाकून देऊ नका. बाईला बाजूला घेऊन हळूच सांगा.

आणि कुणी म्हणालं, "सकाळपासून तोंड वाकडं झालंय, जरा चोळून दे," तर चोळत बसू नका. चेहऱ्याची नस सुजून तसं होतं, तसंच अर्धांगाच्या झटक्यानेही होतं. दोन्ही हात वर करायला सांगा, बोलायला लावा. हात खाली येत असेल, बोलणं अडखळत असेल, तर लगेच 108 ला फोन करा. गाठ विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आपल्या पाड्यावरून मोठ्या दवाखान्यात पोचायलाच किती वेळ जातो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग रोज करायचं काय? प्रत्येक नव्या बाईला सहा प्रश्न विचारा. दिवस गेलेत का, किंवा नुकतं बाळंतपण झालंय का? मधुमेह किंवा रक्तदाब आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? गेल्या सहा महिन्यांत ऑपरेशन झालंय का? कशाची अॅलर्जी येते का? चेहऱ्याला सध्या काय लावतेस? केसांचा रंग किंवा काळी मेहंदी लावायची असेल, तर कानामागे थोडी लावून दोन दिवस थांबा. खाज, पुरळ आलं तर लावू नका. थ्रेडिंगचा दोरा तोंडात धरू नका, मानेला अडकवा. ब्लेड दर बाईला नवीन.

हे प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायचे नाहीत. आपल्या गावात एका घरातलं दुसऱ्या घरात पोचायला वेळ लागत नाही. बाईने विश्वासाने सांगितलेलं वहीत राहू द्या, पाणवठ्यावर जाऊ देऊ नका.

आता खरी अडचण बोलते. हे सगळं पाळायचं म्हणजे कधीतरी "नाही" म्हणावं लागतं. फेशियलचे चारशे-पाचशे रुपये हातचे जातात. गिऱ्हाईक रागावतं आणि शेजारच्या पार्लरमध्ये जातं. तिथली आपल्याच गटातली असेल आणि ती "ये, मी करते" म्हणाली, तर पहिलीने पुन्हा नाही का म्हणावं? कर्जाचा हप्ता तर दोघींनाही भरायचाय. म्हणून एकटीने शहाणं होऊन भागत नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पार्लर चालवणाऱ्या सगळ्या जणींनी मिळून ठरवा, कुठली कामं कुणीच करायची नाहीत. सुजलेल्या पायाची मालिश नाही. बिनानावाची क्रीम नाही. वॅक्सवर त्याच दिवशी ब्लीच नाही. हा नियम ठरावाच्या वहीत लिहा आणि मोठ्या अक्षरांत पार्लरच्या भिंतीवर लावा. मग गिऱ्हाईकाला सांगता येतं, "वहिनी, हे मी एकटी नाही म्हणत, आमच्या गटाचा नियम आहे."

सुरुवातीला काही जणी कुरकुर करतील. पण बाई आपला चेहरा जिच्या हातात देते, तिच्यावर आधी भरवसा ठेवते. आज तुम्ही तिला परत पाठवून दवाखान्यात जायला सांगितलंत, तर उद्या ती स्वतःच्या मुलीला लग्नात तयार करायला तुमच्याकडेच घेऊन येईल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही उघडा आणि सहा प्रश्नांचं पान पहिलं लिहा. ज्यांना लिहायला जमत नाही, त्यांनी गटातल्या मुलींकडून लिहून घ्या.